आंग्र्यांची गुराब, चौसष्टाव्या हिश्शात

नऊ पौंडी तोफेचा लोखंडी गोळा साधारण चार इंच व्यासाचा असतो. मी जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करते, मूळ मापाच्या चौसष्टाव्या हिश्शात. त्या मापात तो गोळा मोहरीएवढा होतो. फोडणीच्या डब्यातली मोहरी काढून मी व्हर्नियरने मोजली आहे. मोठी मोहरी दीड ते पावणेदोन मिलिमीटर भरते, आणि गोळा हवा १.६ मिलिमीटरचा. हे एक माप डोळ्यांत बसलं की सगळ्या जहाजाचं माप कळायला लागतं. हा दाणा ज्या तोंडातून सुटणार ती तोफ केवढी, तोफेचा गाडा केवढा, बार झाल्यावर गाडा मागे उसळेल त्याला जागा किती हवी, आणि त्या जागेत वावरणारा गोलंदाज केवढा. गोलंदाज अडीच सेंटीमीटरचा. जाड कार्डातून कापलेला असा एक माणूस माझ्या टेबलावर कायम उभा असतो. कठडा बसवला की आधी त्याला कठड्याशी उभा करायचा, शिडी केली की तिच्या पायरीशी न्यायचा. कठडा त्याच्या छातीशी आला तर ठीक, डोक्यावरून गेला तर पुन्हा कानस हातात घ्यायची.

मी बडोद्याची. दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत आमचं घर आणि घराच्या माळ्यावर माझं जहाजबांधणीचं टेबल. पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत होते. निवृत्त झाल्यावर पेन्सिलीच्या जोडीला पटाशी आली. लोक विचारतात, बडोद्यात कुठला आलाय समुद्र? खंबायतचं आखात तसं लांब नाही, पण प्रश्नाचा रोख तो नसतो. मराठी माणसाचा समुद्र म्हणजे कोकणचा, आणि आम्ही पडलो घोड्यावरून गुजरातेत उतरलेल्यांचे वंशज. पण गायकवाडांचंही छोटं आरमार होतं, सुरतेच्या दक्षिणेला बिलिमोऱ्याला. 'सुभा आरमार' म्हणत त्याला. १९२६ साली सुरू झालेलं ओखा बंदर बडोदा संस्थानाचंच. आणि गुजरातच्या मातीत सापडलेली अगदी जुनी जहाजं तर प्रतिकृतीच आहेत. लोथलच्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या लहानशा होड्या मिळाल्या, त्यांतल्या एकीत डोलकाठी रोवायला भोक ठेवलेलं आहे. माझ्या लेखी सगळी किंमत त्या भोकाची. होडीचा आकार लहान मूलही करतं. पण डोलकाठीची जागा जो दाखवतो, त्याने होडी चालताना निरखून पाहिलेली असते. चार हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीर आमच्याच जातीचा.

या छंदाची सुरुवात बहुतेक जण तयार किटने करतात, मीही तशीच केली. पेटीत व्हिक्टरी, कटी सार्क अशी नावाजलेली इंग्रजी जहाजं मिळतात. कापलेले तुकडे, पितळी तोफा, छापील सूचना. त्याने हात बसतो. खरा चस्का लागतो तो मूळ नकाशे बघायला लागल्यावर. इंग्रजांच्या आरमाराने आपल्या जहाजांचे नकाशे जपून ठेवलेत. बाजूने, वरून आणि समोरून अशी तीन दृश्यं, आणि समोरच्या दृश्यात मध्यरेषेच्या एका बाजूला नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचा अर्धा भाग, दुसऱ्या बाजूला मागचा अर्धा. आयुष्यभर फळ्यावर दंडगोल आणि शंकू छेदत आले. पण एकाच रेषेच्या दोन अंगांना जहाजाची छाती आणि पाठ अशी चितारलेली पाहिली, तेव्हा ड्रॉइंग हा विषय कशासाठी जन्माला आला ते कळलं. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात नव्या युद्धनौकांच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शातल्या प्रतिकृती करत. त्यांत पाण्याखालच्या भागावर मुद्दाम फळ्या ठोकत नसत, म्हणजे आतल्या फासळ्या बघणाऱ्याला दिसत. तीनशे वर्षांपूर्वीचं ते काम आजही या छंदातलं शेवटचं टोक आहे.

अशा जहाजांच्या बाबतीत अचूकपणा म्हणजे मुख्यतः नीट वाचता येणं. उदाहरणार्थ दोर. जुन्या कागदांत दोराचं माप परिघात असतं, व्यासात नसतं. आठ इंची दोर म्हणजे आठ इंच परिघाचा, म्हणजे अडीच इंच जाडीचा. चौसष्टाव्या हिश्शात एक मिलिमीटर. हे ठाऊक नसेल तर दोर तिपटीहून जाड होतात आणि खालचं जहाज दिसेनासं होतं. किंवा तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे. एकेक पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. माझ्या मापात एकोणीस मिलिमीटर बाय साडेपाच. कंटाळवाणं काम आहे, पण शंकेला जागा नाही. कुणीतरी सगळं लिहून ठेवलेलं आहे.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ट्रिंकोमाली मला या जातीच्या जहाजांत सर्वांत जवळची. १८१६ साली तिचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले होते, म्हणजे मूळची ही कलाही आमच्या बाजूचीच. लाकूड मलबारी साग. आज दोनशे वर्षं उलटून गेल्यावरही ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिचा आराखडा मुळात फ्रेंचांचा. १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या हेबे नावाच्या जहाजावरून उतरवलेला. तो मुंबईला पाठवला जावा नावाच्या युद्धनौकेवरून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने ती नौका जिंकली आणि संपवली. आराखडा गेला. लंडनमधून दुसरी प्रत आली आणि त्यावरून जहाज उभं राहिलं.

दुसरी प्रत होती, ही त्यातली खरी गोष्ट. आंग्र्यांच्या गुराबेची, म्हणजे त्यांच्या आरमारातल्या शिडाच्या लढाऊ जहाजाची, पहिलीही प्रत कागदावर नव्हती. ती जहाज बांधणाऱ्या सुताराच्या डोक्यात आणि हातात होती, आणि तो माणूस गेला की तीही गेली.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या मुलांपैकी तुळाजींचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळालं. इंग्रज आरमाराला त्या वेळी पेशव्यांची साथ होती, हे लिहितानाही आत कुठेतरी टोचतं. त्यानंतरही धुळपांनी आरमार चालवलं, १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं रेंजर नावाचं जहाज पकडलं. पराक्रमाची वर्णनं आपल्याकडे भरपूर. पण ज्या लाकडावर उभं राहून हा पराक्रम झाला ते कसं जोडलं होतं, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचं होतं.

पुरावे काय काय आहेत? पहिला आपल्या घरचा, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. त्यात आरमाराचं वेगळं प्रकरण आहे आणि गुराबा फार मोठ्याही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, वाऱ्यावाचून अडून राहणारी थोर जहाजं करू नयेत, असं स्पष्ट बजावलेलं आहे. दुसरा शत्रूच्या घरचा. रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ मध्ये छापलेल्या इतिहासात गुराब आणि गलबत यांचं जे वर्णन दिलंय, त्यात दर ओळीला एखादं माप किंवा एखादं कारण आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशेच्या आत. पाण्यात फार बुडत नाही. लांबीच्या मानाने फार रुंद. मधून टोकाकडे निमुळती होत जाते आणि पुढे बोथट तोंडाऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी, म्हणजे वल्ह्यांच्या लांबट जहाजासारखी नाळ लांब बाहेर आलेली. या नाळेवर मजबूत पाटातन, म्हणजे डेक आहे, मुख्य पाटातनाच्या पातळीत. पण दोन्हींच्या मध्ये लाकडी भिंत. त्या भिंतीला भोकं पाडून आतून दोन तोफा रोखलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी, नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

आणि मग ओर्म एक बारीकशी गोष्ट सांगतो. नाळेच्या या पाटातनाला कठडा नसतो. समोरून लाट आली की असं निमुळतं तोंड जोराने खाली जातं, पाणी वर चढतं. कठडा असता तर ते तिथेच तुंबलं असतं. उघडं ठेवल्यामुळे ते दोन्ही बाजूंनी निघून जातं.

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. कारण मध्ये लाकडी भिंत का, याचंही उत्तर त्यातच आहे. पुढचा भाग समुद्राला देऊन टाकलेला आहे; मागचा भाग माणसांचा, तोफांचा आणि कोरड्या दारूचा. मी नाळ बांधली तेव्हा दोन्हीकडे हलकासा उतार दिला, चहाच्या गाळणीखालून थेंब थेंब पाणी सोडून पाहिलं. पाणी मधल्या भिंतीशी क्षणभर थांबलं आणि दोन बाजूंना वाटलं गेलं. माझा कार्डाचा गोलंदाज भिंतीमागे कोरडा.

पण लांबी किती? ओर्म टन सांगतो, फूट सांगत नाही. इथे माझं गणित कामाला आलं. त्या काळी इंग्रज जहाजाचे टन काढत ते असे: पठाणाची लांबी गुणिले रुंदी गुणिले रुंदीचा निम्मा, भागिले ९४, सगळं फुटांत. दीडशे टन घेतले आणि रुंदी वीस फूट धरली तर पठाण सत्तर फुटांचा येतो, साडेतीनास एक. रुंदी बावीस फूट धरली तर पठाण अठ्ठावन्न फूट, म्हणजे तिपटीच्याही आत. ओर्मचं 'फार रुंद' दुसऱ्याशी जुळतं. मी बावीस फूट घेतले. पठाण अठ्ठावन्न फूट आणि त्याच्या पुढे झुकलेली, बाहेर आलेली नाळ. सगळी मिळून सत्तर-बहात्तर फुटांची गुराब. माझ्या टेबलावर पठाण पावणेअठ्ठावीस सेंटीमीटर आणि रुंदी साडेदहा.

बडोद्याच्या माणसाला हे माप डोळ्यांनी बघता येतं. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे बावीस मीटर, म्हणजे बहात्तर फूट. लहानपणी आम्ही सगळेच त्याला बघायला जायचो. गणित झाल्यावर मी पुन्हा गेले आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. एवढ्या लांबीत डोलकाठ्या, तोफा, दारूगोळा, पाण्याची पिंपं, आणि अंगाला अंग लावून उभे राहिलेले लढवय्ये. अशा आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असं आंग्र्यांचं मुख्य आरमार असे, असं ओर्म म्हणतो. बडोद्यात कुणी मला गुराब केवढी होती विचारलं तर मी देवमाशाकडे पाठवते.

आता लाकूड. खरी जहाजं सागाची, आणि कारणं पक्की आहेत. सागातल्या तेलामुळे लोखंडी खिळा लवकर गंजत नाही, किडा सहजी लागत नाही. पण प्रतिकृतीला साग चालत नाही, कारण लाकडाच्या रेषा चौसष्टपट बारीक होत नाहीत. सागाची फळी लहान कापली की तिच्या रेषा एवढ्या ठळक दिसतात की जहाज एकदम खेळणं वाटायला लागतं. बारीक, एकजीव पोताचं लाकूड लागतं. युरोपात बॉक्सवुड आणि नाशपाती वापरतात. आपल्याकडे हळदू आहे, कोकणात ज्याला हेदू म्हणतात. कापडगिरण्यांची बॉबिनं या लाकडाची होत. पिवळसर, शांत, पटाशीला फितूर न होणारं. आमच्या लाकडाच्या वखारीतले काका आता माझ्यासाठी हळदूचे तुकडे बाजूला काढून ठेवतात आणि "बेन, तुमची नाव कुठवर आली?" म्हणून विचारतात. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, ते मी घेत नाही. आज्ञापत्रात सांगितलंय की आंबे-फणस आरमाराच्या कामाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. मराठ्यांचं जहाज करायचं तर तेवढा हुकूम पाळायला हवा असं मला वाटतं.

अडीच इंची फळी माझ्याकडे एक मिलिमीटर जाड होते. सुरतेच्या जहाजांबद्दल अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी कौतुकाने लिहिलंय की हे लोक फळीला फळी नुसती टेकवत नाहीत, कडेला खाच पाडून एकीत एक बसवतात. म्हणून मीही फळीच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची खाच काढते. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा काडीत बसवून त्याचं हत्यार केलं आहे. पट्टीला टेकवून ते ओढत नेलं की केसासारखी कुरळी साल निघते. खाच फार खोल गेली तर फळी दुभंगते, उथळ राहिली तर पुढची फळी वर उचलते. दोन्ही नीट जमल्या की कडा एकमेकींत बसताना बोटाला जाणवतं, आवाज येत नाही. गोंद सुकल्यावर ही खाच कुणालाही दिसत नाही. तरी ती असायला हवी. पुढेमागे कुणी माझं जहाज उघडलं तर त्याला ती सापडावी.

दोर माझा मीच वळते. उत्तरायणाआधी आमच्या रस्त्यांच्या कडेला दोन खांबांमध्ये पतंगाचा दोरा ताणून, त्याला गुलाबी लुगदी चोपडत कारागीर मागे-पुढे येरझारा घालत असतात. त्यांच्याकडून लुगदी न लावलेला साधा सुती दोरा मी घेते. एकेका पेडाला एका दिशेने पीळ, मग तिन्ही पेड एकत्र करून उलट्या दिशेने. दोन पीळ एकमेकांना सोडू देत नाहीत आणि दोर आपोआप धरून राहतो. हातड्रिलला तीन हुकांचं चाक बसवलं की माळ्याच्या लांबीएवढा दोर निघतो. मेणावरून ओढला की त्याची लव बसते. कोकणात काथ्याचा दोर, म्हणून रंग काळा नाही. चहाच्या कडक पाण्यात बुडवून जो बदामी उतरतो तो.

हे सगळं जमतं. जमत नाही ते वेगळंच. इतिहास लिहिणारा माणूस 'गुराबेला दोन डोलकाठ्या असत' असं लिहून पुढच्या वाक्याला जाऊ शकतो. मला जाता येत नाही. डोलकाठीचं बूड कुठल्या लाकडात रुतलंय? तिला धरणारे दोर बाहेरून बांधलेत की कठड्याच्या आतून? दोर ओवायची कप्पी गोल की लांबट? लाकूड 'बहुधा' म्हणत नाही. तिथे काहीतरी बसवावंच लागतं, आणि बसवलं की ते ओर्मच्या शब्दाइतकंच खरं दिसायला लागतं. बघणारा जी नाळ शंभर टक्के पुराव्यावर उभी आहे ती आणि जी कप्पी मी अंदाजाने केली ती, दोन्ही सारख्याच विश्वासाने बघतो. यात मला फसवणूक दिसत होती आणि बरेच दिवस त्यातून वाट सापडत नव्हती.

वाट सापडली ती बडोद्याच्याच एका जुन्या कामात. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात रामायणाची चिकित्सक आवृत्ती झाली. बालकांड १९६० मध्ये निघालं, उत्तरकांड १९७५ मध्ये. आमच्या वाड्यातले एक आजोबा त्या कामावर होते. संध्याकाळी ओट्यावर बसले की म्हणायचे, "पोरी, पोथी खोटं बोलत नाही, पण सगळ्या पोथ्या एक बोलत नाहीत." एका श्लोकासाठी देशभरच्या हस्तलिखितांतले पाठ समोरासमोर मांडायचे, त्यांतला सर्वांत भरवशाचा वर घ्यायचा, आणि बाकीचे टाकून न देता खाली नोंदवायचे. पुण्याला भांडारकर संस्थेने महाभारताची आवृत्ती केली, तिथे तर जो पाठ घेतला पण ज्याची पक्की खात्री नाही, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. पानावर नजर टाकली की कळतं, इथे जमीन घट्ट आहे आणि इथे जरा भुसभुशीत. संपादकाने आपली शंका वाचकाच्या हातात दिलेली असते. पांडित्याची एवढी सभ्य रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

जहाजावर नागमोडी रेघ कशी काढणार? मी रंगावर ठरवलं. हळदूला गडद स्टेन घेता येतो, नुसतं तेल दिलं तर मधासारखा रंग येतो, काहीच नाही केलं तर फिकट पिवळं राहतं. ज्या भागाला लेखी पुरावा आहे तो गडद: नाळ, तिचं उघडं पाटातन, मधली भिंत, दोन पुढच्या तोफांची भोकं, रुंदीचं प्रमाण. जे शेजारच्या पुराव्यावरून अनुमानाने घेतलं ते मधाळ: सुरती पद्धतीची फळीची खाच, हिशेबाने काढलेली लांबी. आणि जो निव्वळ माझा अंदाज, तो कोरा. अशी गुराब पुरी झाली तेव्हा ती तीन रंगांची होती. नाळ काळपट, अंग तांबूस, आणि दोरांच्या कप्प्या, मागची केबिन, सुकाणूचा दांडा, सगळं फिकट. घरी आलेले पहिल्यांदा म्हणतात, "अजून पॉलिश राहिलंय वाटतं." मग मी सांगते, आणि त्यांची नजर बदलते, ते फिकट जागा शोधायला लागतात. हेच मला हवं असतं.

शोभेच्या दुकानांत 'मराठा आरमार' म्हणून जी जहाजं मिळतात त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडं, मागे नक्षीच्या खिडक्यांची दुमजली केबिन. इंग्रजी फ्रिगेटच ते, फक्त शिडावर भगवा. विकणाऱ्याचा हेतू चांगला असेल, घेणाऱ्याचा तर नक्कीच. पण आंग्र्यांची ताकद फ्रिगेटमध्ये नव्हती. उथळ पाण्यात शिरणारं तळ, वारा पडला तरी वल्ह्यांवर पळणारी गलबतं, आणि नाळेवरून समोर रोखलेल्या तोफा, यात ती होती. मोठं जहाज वाऱ्यावाचून लोंबकळत पडलंय आणि मागून गलबतांनी ओढत आणलेली गुराब त्याच्या पाठीशी येतेय, असा तो खेळ. आपण त्यांना शत्रूचं जहाज बहाल करतो तेव्हा त्यांची हुशारीच त्यांच्याकडून काढून घेतो. अभिमान असेल तर तो बरोबर मापात असावा, एवढं माझं मागणं आहे.

अलीकडे याच वाटेने एक मोठं काम झालं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचं जहाज बांधलं, खिळा न मारता काथ्याच्या दोराने. कौंडिण्य नावाने ते २०२५ मध्ये कारवारला आपल्या नौदलात आलं. त्याचाही नकाशा उरलेला नव्हता. आयआयटी मद्रासला आधी लहान प्रतिकृती पाण्यात तपासली आणि मग मोठं जहाज. ते वाचून माळ्यावरच्या टेबलाला फार बरं वाटलं.

सध्या गलबत चालू आहे. त्याचीही आकडेमोड सुरेख निघाली. मोठ्यात मोठं गलबत सत्तर टनांचं, वल्ही चाळीस ते पन्नास. एका वल्हेकऱ्याला तीन फूट जागा लागते; एका बाजूला वीस वल्ही म्हणजे साठ फूट लांबी हवीच. पाटातन साठ फूट तर पठाण पन्नासेक फुटांचा, आणि सत्तर टनांच्या हिशेबात रुंदी सोळा फूट. म्हणजे लांबीत गुराबेच्या थोडंच मागे, पण अंगाने पुष्कळ सडपातळ. टन आणि वल्ही, या दोन आकड्यांच्या चिमटीत आकार सापडला.

गलबताचं मुख्य शीड तिकोनी, एवढं मोठं की चढवल्यावर त्याचं टोक डोलकाठीच्या खूप वर जातं. ते चढवायचा दोर कुठे बांधत असतील यावर माझं काम अडलं होतं. डोलकाठीच्या बुडाशी खुंटी मारली आणि कोरी ठेवली. मग कच्छमधल्या मांडवीला गेले. तिथे रुक्मावतीच्या काठावर अजूनही लाकडी जहाजं बांधतात, कागदावर नकाशा न काढता. फासळ्यांसाठी बाभळीचं लाकूड, तेही मुळातच वाकडं वाढलेलं शोधून आणतात, म्हणजे वळणाबरोबर रेषाही वळते आणि लाकूड मोडत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या खलाशाला मोबाइलवर माझ्या गलबताचे फोटो दाखवले. त्याने चष्मा पुसून, फोटो मोठा करून, नाळेपासून मागपर्यंत सावकाश बघितलं आणि खुंटीवर बोट ठेवलं. "बेन, हा दोर इथे नाही. शीड चढलं की हाच दोर मागे न्यायचा आणि ताणून बांधायचा. काठीला मागून धरणारा दुसरा कोण आहे?"

काठी पुढे झुकलेली, शिडाचं सगळं ओझं पुढे. मागून ताण हवाच. एकाच दोराची दोन कामं. घरी येऊन खुंटी काढली, मागे कठड्याजवळ नवी बसवली. तिला रंग कुठला द्यायचा यावर मात्र विचार करावा लागला. त्या खलाशाने हे आपल्या वडिलांकडून आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतलं, तरी ते कच्छचं, व्यापारी जहाजाचं आणि विसाव्या शतकातलं. अठराव्या शतकातल्या विजयदुर्गाचा तो लेखी दाखला नाही. पण माझा निव्वळ अंदाजही आता राहिला नाही. नुसतं तेल दिलं.

आता वल्ही करायची आहेत. सहा तोफांची जागा सोडली तर पन्नास मावत नाहीत, चाळीस करणार. त्यासाठी काळ्या कुड्याचं लाकूड आणलंय, पांढरं आणि हस्तिदंतासारखं गुळगुळीत. संखेड्याला खरादावर लाकडी पाय-दांडे फिरवणारे ओळखीचे एक काका आहेत, त्यांना नमुना दाखवला. ते म्हणाले, इतकी बारीक काडी खरादावर थरथरते, मधेच तुटेल. म्हणजे डोलकाठीसारखंच हाताने, आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग सोळा कोनांची आणि मग गोल. वल्ह्यांची संख्या ओर्मची आहे, पात्याचा आकार मी ठरवलेला. तेव्हा दांडी गडद आणि पातं कोरं.